सापेक्षता : सूत्र आणि अर्थ

आपल्या देशातील अनेक विद्यापीठांत सापेक्षता सिद्धान्त हा विषय पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याइतकाच गणिताच्या विद्यार्थ्यालाही भेटतो. पण गणिताच्या वर्गात तो भेटतो एखाद्या बड्या घराण्यातील पाहुण्यासारखा. थोडे अंतर ठेवून, थोडा दबदबा राखून. फळ्यावर अक्षरे मांडली जातात. त्या अक्षरांच्या माथ्यावर आणि पायाशी बारीक चिन्हे बसतात. ती चिन्हे ठरलेल्या नियमांनी वर चढतात, खाली उतरतात आणि तास संपता संपता एक समीकरण सिद्ध होते. परीक्षेत ते पुन्हा सिद्ध करून दाखविता येते. परंतु त्या समीकरणाने जगाविषयी नेमके काय सांगितले, असे कोणी विचारले तर वर्गात पुष्कळदा शांतता पसरते.

हा सगळा दोष विद्यार्थ्याचाच आहे असे मला वाटत नाही. ज्यांनी हा सिद्धान्त घडविला त्यांच्यापुढेही हीच अडचण निरनिराळ्या रूपांनी उभी राहिली होती. कोणाच्या हाती सूत्र होते, पण त्याचा अर्थ हाती नव्हता. कोणाला अर्थ दिसत होता, पण तो ज्यात मांडावा असे सूत्र सापडत नव्हते. सापेक्षतेचा इतिहास म्हणजे सूत्र आणि अर्थ यांनी एकमेकांचा केलेला शोध, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. आज त्या दृष्टीने आपण या इतिहासाकडे पाहू.

आरंभ १८६५ पासून करू. त्या वर्षी मॅक्सवेलने विद्युत् आणि चुंबकत्व यांना एकत्र गुंफणारी आपली समीकरणे प्रसिद्ध केली. त्या समीकरणांतून एक वेग जणू आपण होऊनच बाहेर पडत होता, सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. आणि तो प्रकाशाचा वेग होता. पण वेग म्हटला की तो कशाच्या तुलनेने, हा प्रश्न येतोच. आगगाडीचा वेग रुळांच्या तुलनेने मोजतात, नावेचा वेग काठाच्या तुलनेने. प्रकाशाचा कशाच्या? एकोणिसाव्या शतकाचे उत्तर असे, की सर्व विश्वात ईथर नावाचे एक माध्यम भरून राहिले आहे आणि हा वेग त्या ईथरच्या तुलनेने आहे.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तेव्हा ईथरमधून जाताना तिच्यावर ईथरचा वारा वाहत असला पाहिजे, आणि वाऱ्याच्या दिशेने जाणारा प्रकाश व वाऱ्याला आडवा जाणारा प्रकाश यांच्या प्रवासाला लागणाऱ्या वेळेत फरक पडला पाहिजे. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहासहस्रांश आहे आणि अपेक्षित फरक या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे दहा कोटींत एक एवढा, सूक्ष्म आहे. तरीही १८८७ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे मायकेलसन आणि मोर्ले या दोघांनी तो मोजण्याची व्यवस्था केली. पाऱ्यावर तरंगणाऱ्या जड शिळेवर त्यांनी आरसे बसविले, एकाच प्रकाशाचे दोन किरण परस्परांना काटकोनात पाठवून परत आणले आणि शिळा हळूहळू फिरवून निरीक्षणे घेतली. अपेक्षिलेला फरक दिसला नाही.

येथे सूत्र प्रथम आले, अर्थ मागाहून आला. आयर्लंडच्या फिट्झजेराल्डने १८८९ साली आणि त्याच्यापासून स्वतंत्रपणे हॉलंडच्या लोरेन्ट्झने १८९२ साली असे सुचविले, की ईथरमधून जाणारी वस्तू गतीच्या दिशेने किंचित आखूड होत असावी. लोरेन्ट्झ हा मोठा गणिती पदार्थवैज्ञानिक. त्याने हा विचार पुढे नेला आणि १९०४ सालापर्यंत, स्थिर निरीक्षकाच्या मोजमापांवरून गतिमान निरीक्षकाची मोजमापे काढण्याची सूत्रे सिद्ध केली. पुढल्याच वर्षी फ्रान्सच्या प्वांकारेने त्यांतील उणिवा दूर केल्या, या परिवर्तनांचा एक गट बनतो हे दाखविले आणि त्यांना लोरेन्ट्झचे नाव दिले. आज आपण विद्यार्थ्यांना शिकवितो ती सूत्रे हीच.

या सूत्रांत गतिमान निरीक्षकासाठी एक निराळा काळ येत होता. लोरेन्ट्झने त्याला ‘स्थानिक काळ’ म्हटले होते. स्थानिक वेळ ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नव्हती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षे, १९५५ पर्यंत, सांभाळली. पण मुंबईची वेळ ही केवळ सोय होती. घड्याळाचे काटे कोठे ठेवायचे एवढाच तो प्रश्न. खरा काळ मुंबईत आणि कलकत्त्यात एकच वाहतो आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. लोरेन्ट्झची समजूत अशीच होती. त्याच्या लेखी ईथरचा काळ तोच खरा. स्थानिक काळ ही हिशेब सोपा करण्याची एक युक्ती.

आता १९०५ साल. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी, पेटंट कचेरीत, तृतीय श्रेणीचा एक तांत्रिक अधिकारी लोकांचे अर्ज तपासण्याचे काम करीत होता. वय २६, नाव अल्बर्ट आइन्स्टाइन. (आम्हा सरकारी नोकरांच्या मनाला या गोष्टीचा थोडा आधार वाटतो, हे येथे कबूल केले पाहिजे.) त्या वर्षीच्या जून महिन्यात त्याने जो निबंध पाठविला, त्यात बीजगणित म्हणून पाहिले तर तीच लोरेन्ट्झची सूत्रे होती. मग त्याने नवे काय केले?

त्याने अर्थ शोधला. दोन दूरच्या ठिकाणी घडलेल्या घटना ‘एकाच वेळी’ घडल्या असे आपण म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्याचा अर्थ काय, एवढा साधा प्रश्न त्याने विचारला. धावत्या आगगाडीच्या डब्यात अगदी मध्यभागी दिवा लागला अशी कल्पना करा. डब्यातील प्रवासी म्हणेल, प्रकाश पुढच्या आणि मागच्या भिंतीवर एकाच क्षणी पोहोचला. फलाटावरचा मनुष्य म्हणेल, नाही. मागची भिंत प्रकाशाला सामोरी आली, पुढची त्याच्यापासून पळत होती, म्हणून तो मागच्या भिंतीवर आधी पोहोचला. प्रकाशाचा वेग दोघांनाही सारखाच दिसत असेल, तर या दोघांपैकी एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरविण्याचे कोणतेही साधन निसर्गाने ठेवलेले नाही. एकसमयता ही निरीक्षकागणिक बदलते. ‘स्थानिक काळ’ ही युक्ती नव्हे. प्रत्येकाचा काळ तोच त्याचा खरा काळ. ईथरची आता गरजच उरली नाही.

सूत्र तेच राहिले आणि त्याचा अर्थ बदलला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आइन्स्टाइनने एक छोटा निबंध लिहून या अर्थाचे आणखी एक फलित दाखविले: ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. पदार्थ आणि ऊर्जा यांतील भिंत त्या तीन-चार पानांनी पाडली.

पण अर्थ लाभला तरी त्याला अजून योग्य रूप लाभले नव्हते. ते दिले हर्मन मिंकोव्स्की याने. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आइन्स्टाइन विद्यार्थी असताना मिंकोव्स्की तेथे गणित शिकवीत असे. २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन येथे दिलेल्या व्याख्यानात त्याने सांगितले, की अवकाश आणि काल यांना अलग मानण्याचे दिवस संपले. दोघांचे मिळून एकच चतुर्मित विश्व आहे.

हे गणिताच्या विद्यार्थ्याने कसे समजून घ्यावे? कागदावर दोन अक्ष काढा आणि एक रेषाखंड काढा. अक्ष फिरविले तर रेषाखंडाची दोन्ही प्रक्षेपणे बदलतात, पण त्यांच्या वर्गांची बेरीज बदलत नाही, कारण ती रेषाखंडाच्या लांबीचा वर्ग आहे. ही बेरीज अविकारी आहे. मिंकोव्स्कीने दाखविले, की लोरेन्ट्झची परिवर्तने म्हणजे अवकाश-कालातील अक्षांचे एक प्रकारचे भ्रमण होय. फरक एवढाच, की येथे वर्गांची बेरीज न राहता वजाबाकी अविकारी राहते: काळाचा वर्ग वजा अंतराचा वर्ग.

एक उदाहरण घेऊ. प्रकाश एका सेकंदात जेवढे अंतर जातो, त्याला एक प्रकाश-सेकंद म्हणू. आपल्या दृष्टीने एक प्रवासी ५ सेकंदांत ३ प्रकाश-सेकंद अंतर गेला. पाचाचा वर्ग पंचवीस, तिनाचा वर्ग नऊ, वजाबाकी सोळा. आता प्रवाशाच्या बाजूने पाहा. तो स्वतःपासून कोठेच गेलेला नाही, त्याचे अंतर शून्य. तेव्हा त्याच्या काळाचा वर्ग सोळा असला पाहिजे. त्याच्या घड्याळात ४ सेकंदच झाले! शाळेत पायथॅगोरसच्या सिद्धान्तासाठी घोकलेले तीन, चार, पाच हे अंकच येथे पुन्हा भेटतात. फक्त अधिकाच्या जागी वजाचे चिन्ह येते. ते एक चिन्ह म्हणजे अवकाश आणि काल यांतील भेद.

हा केवळ कागदावरचा खेळ नव्हे. विश्वकिरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत, सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, म्यूऑन नावाचे कण निर्माण होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या सुमारे २२ दशलक्षांश-दशांशांचे, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा अवघा ६६० मीटर जाईल. तरीही हे कण मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत येतात, कारण आपल्या घड्याळाने जो काळ लांब आहे तो त्यांच्या स्वतःच्या घड्याळाने थोडका आहे.

‘सापेक्षता’ या नावाने पुष्कळांचा असा समज झाला, की सारेच सापेक्ष आहे, कोणाचेच काही निश्चित नाही. मिंकोव्स्कीच्या मांडणीनंतर दिसते ते याच्या अगदी उलट. सर्व निरीक्षकांना मान्य होईल असे काय आहे, याचा शोध म्हणजे हा सिद्धान्त. गणिताच्या विद्यार्थ्याने तो अविकारी राशींचा सिद्धान्त म्हणून शिकावा. मिंकोव्स्कीला आपल्या कार्याचे फळ पाहावयास मिळाले नाही. १९०९ च्या जानेवारीत, वयाच्या ४४ व्या वर्षी, आंत्रपुच्छाच्या विकाराने त्याचे निधन झाले. आणि आइन्स्टाइनला? त्याला ही मांडणी प्रथम अनावश्यक पांडित्याची वाटली असे सांगतात. हे मत त्याला लवकरच बदलावे लागले.

त्याचे कारण गुरुत्वाकर्षण. विशिष्ट सापेक्षता सिद्धान्त समान वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांपुरता होता आणि न्यूटनचे गुरुत्वाकर्षण त्यात बसत नव्हते. कारण न्यूटनच्या नियमानुसार आकर्षण दूर अंतरावर तत्क्षणी पोहोचते, आणि ‘तत्क्षणी’ या शब्दाचा अर्थच आता उरला नव्हता. १९०७ साली, पेटंट कचेरीत बसला असता, आइन्स्टाइनच्या मनात आले की, मुक्तपणे खाली पडणाऱ्या माणसाला आपले वजन जाणवणार नाही.

आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर विहिरीवरच्या पोहऱ्याचे घेता येईल. पोहऱ्याला तळाशी छिद्र असेल तर वर ओढताना त्यातून धार लागते. पण भरलेला पोहरा हातातून सुटला, तर खाली पडत असेपर्यंत ती धार थांबते, कारण पोहरा आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रवेगाने पडत असतात; पाण्याला पोहऱ्याच्या दृष्टीने वजनच उरत नाही. सर्व वस्तू सारख्याच प्रवेगाने पडतात ही गोष्ट गॅलिलिओपासून ठाऊक होती. तिचा अर्थ आइन्स्टाइनने सांगितला: गुरुत्वाकर्षण हे वस्तूवर लागू होणारे बळ नसून, ज्या अवकाश-कालात ती वस्तू आहे त्याचाच तो गुण असावा. म्हणूनच वस्तू कोणती आहे याने काही फरक पडत नाही.

या वेळी अर्थ हाती होता, पण सूत्र नव्हते. कुंभाराच्या चाकासारखी वेगाने फिरणारी एक मोठी चकती घ्या. तिच्या कडेने ठेवलेल्या मोजपट्ट्या गतीच्या दिशेने असल्यामुळे आखूड होतील, त्रिज्येवर ठेवलेल्या होणार नाहीत. मग परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर नेहमीपेक्षा मोठे भरेल. म्हणजे प्रवेग आला, की युक्लिडची भूमिती निघून जाते! आणि प्रवेग व गुरुत्वाकर्षण ही जर एकाच नाण्याच्या दोन बाजू असतील, तर गुरुत्वाकर्षणासाठी दुसरी कोणती तरी भूमिती हवी. ती कोठून आणावी?

१९१२ साली आइन्स्टाइन प्राध्यापक होऊन झुरिकला परतला आणि आपला जुना सहाध्यायी मार्सेल ग्रोसमान याच्याकडे गेला. विद्यार्थिदशेत गणिताचे तास चुकवून परीक्षेच्या वेळी ग्रोसमानच्या नीटनेटक्या टिपणवह्यांवर त्याने भिस्त ठेवली होती. आताही मदतीला ग्रोसमानच आला. त्याने सांगितले, की हवी आहे ती भूमिती तयार आहे. गणितज्ञांनी ती केव्हाच रचून ठेवली आहे.

तिचे मूळ गाउसकडे जाते. हानोव्हर राज्याच्या भूमापनाचे काम गाउसकडे होते. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे, आणि वक्र पृष्ठावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन भरत नाही. उत्तर ध्रुवावरून परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन रेखावृत्तांनी विषुववृत्तापर्यंत या. तयार होणाऱ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन असतील. १८२७ साली गाउसने सिद्ध केले, की पृष्ठ किती वक्र आहे हे ठरविण्यासाठी पृष्ठाबाहेर जाऊन पाहण्याची गरज नाही. पृष्ठावरच राहून केलेल्या मोजमापांवरून ते कळते. त्याचा शिष्य रीमान याने १० जून १८५४ रोजी गोटिंगेन येथे दिलेल्या व्याख्यानात हीच कल्पना दोन मितींवरून कितीही मितींपर्यंत नेली. श्रोत्यांत वृद्ध गाउस होता. रीमान पुढे १८६६ साली, चाळिशीही न गाठता, क्षयाने वारला. त्याच्या कल्पनेवर ख्रिस्टोफेलने १८६९ साली, आणि इटलीच्या रिची व लेवी-चिविता या गुरुशिष्यांनी १९०१ सालापर्यंत, एक संपूर्ण गणनशास्त्र उभे केले. अक्षरांच्या माथ्यावर आणि पायाशी बसणारी ती बारीक चिन्हे याच शास्त्रातली. अक्ष कसेही निवडा, समीकरणाचे रूप बदलू नये, याची ती तजवीज आहे. विद्यार्थ्याला जी कवायत वाटते, तिच्या मागे ‘सर्वांना मान्य होईल असे काय’ हाच प्रश्न उभा आहे.

त्या वर्षी एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइनने कबूल केले, की गणिताविषयी आपल्या मनात आता मोठा आदर उत्पन्न झाला आहे. त्याचे सूक्ष्म भाग आपण आजवर चैन समजत होतो. तरीही वाट सोपी नव्हती. १९१३ साली त्याने आणि ग्रोसमानने मिळून प्रसिद्ध केलेली समीकरणे सदोष होती. त्यांची कसोटी पाहावयास बुध हा ग्रह होता. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू शतकात सुमारे ५७४ विकला सरकतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. यांपैकी सुमारे ५३१ विकलांचा हिशेब इतर ग्रहांच्या आकर्षणाने लागत होता. उरलेल्या ४३ विकलांचे कोडे १८५९ साली ल व्हेरिएने जगापुढे ठेवल्यापासून सुटले नव्हते. १९१३ च्या समीकरणांनी उत्तर आले १८.

१९१५ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे आइन्स्टाइनने लागोपाठ चार गुरुवारी, ४, ११, १८ आणि २५ तारखांना, चार निबंध सादर केले. प्रत्येक आठवड्यात समीकरणे सुधारत होती. तिकडे गोटिंगेन येथे हिल्बर्टसारखा थोर गणिती याच प्रश्नामागे लागला होता आणि दोघांत पत्रव्यवहार चालू होता. १८ नोव्हेंबरच्या निबंधात बुधाचे उत्तर आले ४३ विकला. त्या दिवसांत हर्षाने आपल्याला काही सुचेनासे झाले होते, असे आइन्स्टाइनने पुढे लिहिले आहे. २५ तारखेला अंतिम समीकरणे मांडली गेली. एका बाजूला अवकाश-कालाची वक्रता, दुसऱ्या बाजूला पदार्थ आणि ऊर्जा, मध्ये बरोबरीचे चिन्ह. अर्थाला सूत्र मिळायला आठ वर्षे लागली होती.

आता पुन्हा फासा उलटला. महायुद्ध चालू होते. रशियाच्या आघाडीवर लष्करी सेवेत असलेल्या कार्ल श्वार्त्सशिल्ट या ज्योतिर्विदाने काही आठवड्यांतच या समीकरणांची पहिली अचूक उकल काढली. ती १९१६ च्या जानेवारीत अकादमीपुढे ठेवण्यात आली आणि मे महिन्यात आजारपणाने तो मरण पावला. त्या उकलीत एका विवक्षित अंतरावर काही राशी बिघडत होत्या. सूर्याच्या बाबतीत ते अंतर सुमारे ३ किलोमीटर येते. याचा अर्थ काय? सूत्र पुढे होते, पण अर्थ कोणाला उमगेना. १९३९ साली खुद्द आइन्स्टाइनने निबंध लिहून असे सुचविले, की निसर्गात अशी स्थिती उद्भवणारच नाही. ज्यांना आज कृष्णविवरे म्हणतात, त्यांचे स्वरूप गणिताने स्पष्ट व्हावयास १९६० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

१९१९ च्या २९ मे रोजी सूर्याला खग्रास ग्रहण लागले. ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेट येथे गेलेल्या इंग्रज ज्योतिर्विदांनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजले. न्यूटनच्या कल्पनेने सुमारे ०.८७ विकला, आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने १.७५. नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला, तो आइन्स्टाइनच्या बाजूने.

श्रोतेहो, येथून आपला देश या इतिहासात येतो. १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या मूळ जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर होते. भाषांतरकार होते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस, दोघेही तिशीच्या आतले. ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबीस यांची. या निबंधांचे इंग्रजीत पुस्तकरूपाने आलेले हे पहिले भाषांतर. लंडनमध्ये तसा संग्रह निघाला तो १९२३ साली. परतंत्र देशातील तरुण अध्यापकांनी, इंग्रजांकडून मिळण्याची वाट न पाहता, नवे ज्ञान मुळातून आणले, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे स्थान काशी. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतल्यावर १९३२ साली पंडित मदनमोहन मालवीयांच्या निमंत्रणावरून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांनी सापेक्षतेच्या अभ्यासाची परंपरा घातली. १९४२ साली गुजरातेतून प्रह्लाद चुनिलाल वैद्य हे तरुण त्यांच्याकडे अध्ययनासाठी आले. श्वार्त्सशिल्टची उकल ज्या ताऱ्याला लागू पडते तो तारा अंधारा आहे. त्यातून काहीच बाहेर पडत नाही. पण खरा तारा प्रकाशतो, आणि प्रकाश बाहेर टाकताना त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा प्रकाशमान ताऱ्याभोवतीची भूमिती वैद्यांनी शोधून काढली आणि १९४३ साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आज जगभर ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिसरे स्थान पुन्हा कलकत्ता. १९५५ साली अमलकुमार रायचौधुरी यांचे एक समीकरण प्रसिद्ध झाले. पडणाऱ्या कणांच्या मार्गांचा एक जुडगा घेतला, तर गुरुत्वाकर्षणामुळे तो पुढे कसा आवळत जातो, हे त्यात सांगितले आहे. विशेष असा, की त्यासाठी तारा अगदी गोल असावा, विश्व सर्वत्र सारखे असावे, असे काहीच गृहीत धरावे लागत नाही. उकलींत दिसणारा बिघाड हा आपण सोयीसाठी मानलेल्या सममितीचा परिणाम आहे की सिद्धान्ताच्या गाभ्यातला, या प्रश्नाला त्यामुळे हात घालता आला. १९६५ साली पेनरोझने आणि त्यानंतर हॉकिंगने जे प्रमेय सिद्ध केले, त्यांत या समीकरणाचा आधार आहे. पेनरोझला २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी ते पाहण्यास हयात नव्हते, २००५ साली त्यांचे निधन झाले.

मायकेलसनच्या उपकरणाची कथा मात्र अजून पुरी व्हायची आहे. १९१६ साली आइन्स्टाइनने आपल्या समीकरणांतून गुरुत्वीय तरंगांचे भाकीत केले. १९३६ च्या सुमारास त्याला स्वतःलाच त्यांच्या अस्तित्वाची शंका आली. पुन्हा सूत्र होते, अर्थाविषयी संदेह होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी असा तरंग प्रत्यक्ष टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. वेध घेणारे यंत्र तत्त्वतः तेच १८८७ चे: काटकोनात जाऊन परतणारे दोन किरण. फक्त प्रत्येक भुजा आता ४ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. ज्या यंत्राला ईथर सापडला नाही, त्याच जातीच्या यंत्राला अवकाश-कालाचे कंपन सापडले. अशीच एक वेधशाळा मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे.

आणि ज्यांना हे सर्व फार दूरचे वाटत असेल, त्यांनी आपल्या खिशातील दूरध्वनीवर रस्ता दाखविणारा नकाशा उघडावा. तो ज्या उपग्रहांवर अवलंबून आहे, ते सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. गुरुत्वाकर्षण तेथे क्षीण असल्यामुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. मिळून ३८ मायक्रोसेकंदांचा फरक. तो दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात सुमारे १० किलोमीटरची चूक साचेल.

गणिताच्या विद्यार्थ्याला या इतिहासातून एक अभ्यासाची रीत घेता येईल. समीकरण सिद्ध झाले म्हणजे वही मिटू नये. त्यातली कोणती राशी अविकारी आहे, ती मोजायची झाली तर कोण, कशाने मोजील, आणि कोणत्या गृहीतावर ती अवलंबून आहे, एवढे तीन प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. लोरेन्ट्झने पहिल्या सूत्राला दुसरा प्रश्न विचारला नव्हता. रायचौधुरींनी जुन्या उकलींना तिसरा विचारला. आणि ज्याला अर्थ आधी दिसतो, पण चिन्हांचा कंटाळा येतो, त्याने १९१२ सालचा आइन्स्टाइन आठवावा. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, जगात नाव झाल्यानंतर, तो आपल्या मित्राकडे जाऊन रीमानची भूमिती शिकावयास बसला होता.